मित्रांच्या गावांना जोडणारा युरोपचा रेल्वेप्रवास: यूरेल पास घ्यावा की सुटी तिकिटे?

युरोपात विखुरलेल्या मित्रमैत्रिणींना भेटत रेल्वेने फिरायचे ठरले की यूरेल पास, म्हणजे अनेक देशांच्या गाड्यांत चालणारा एकच पास, घ्यावा की प्रत्येक टप्प्याचे तिकीट वेगळे काढावे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. त्याची जी उत्तरे सहसा मिळतात ती पर्यटकाला समोर ठेवून दिलेली असतात. मित्रांकडे जाणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो एका घरी तीन-चार दिवस राहतो, आणि कोणत्या गावी कधी जायचे हे त्याच्या इच्छेपेक्षा मित्राची नोकरी, मुलांची शाळा आणि घरातली रिकामी खोली यांवर अधिक ठरते. म्हणून ही तुलना दरपत्रकापासून सुरू करण्याऐवजी तुमच्या प्रवासाच्या तारखा कितपत पक्क्या आहेत, इथून सुरू करावी, असे माझे मत आहे.

आधी पासचे स्वरूप पाहू. भारतातून जाणाऱ्यासाठी यूरेल आणि युरोपात राहणाऱ्यासाठी इंटररेल, असे दोन वेगळे पास आहेत. त्यांचा निकष नागरिकत्व नसून वास्तव्य हा आहे, त्यामुळे म्युनिकला नोकरी करणारा तुमचा भारतीय मित्र तुमच्याबरोबर पुढे निघाला तर त्याला इंटररेलच घ्यावा लागेल, आणि त्या पासवर त्याला जर्मनीत, म्हणजे राहत्या देशात, बाहेर पडण्याचा एक आणि परतण्याचा एक एवढाच प्रवास मिळेल. त्यांतला सर्व सहभागी देशांसाठीचा पास म्हणजे ग्लोबल पास; तो ३३ देशांत चालतो. महिनाभरात निवडलेले ४, ५ किंवा ७ दिवस, दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस, आणि सलग चालणारे पास, असे त्याचे प्रकार आहेत. प्रौढांसाठी सेकंड क्लासचा ७ दिवसांचा पास गेल्या काही वर्षांत साडेतीनशे ते चारशे युरोंच्या दरम्यान राहिला आहे. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना सुमारे २५ टक्के, तर ६० वर्षांवरील ज्येष्ठांना १० टक्के सवलत मिळते. म्हणजे प्रौढाला प्रवासाचा एक दिवस पन्नास-पंचावन्न युरोंना पडतो. त्या दिवसात मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत कितीही गाड्या बदलता येतात, परंतु मित्राकडे जाणारा माणूस दिवसाला एकाच गावाहून दुसऱ्या गावी जातो, त्यामुळे पासच्या या मोठ्या गुणाचा त्याला फारसा उपयोग होत नाही.

सुट्या तिकिटांचा हिशेब देशागणिक बदलतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, इटली आणि स्पेन या देशांत लांब पल्ल्याच्या गाडीचे भाडे विमानासारखे मागणीनुसार चढते. जर्मन रेल्वेचे सवलतीचे तिकीट काही आठवडे आधी, मधल्या वारी आणि गर्दी नसलेल्या वेळी घेतले तर वीस ते चाळीस युरोंत फ्रँकफुर्टहून म्युनिक गाठता येते. तोच प्रवास ऐनवेळी पूर्ण भाड्याने केला तर आकडा शंभराच्या पुढे जातो. नेदरलँड्समध्ये मात्र देशांतर्गत भाडे अंतरानुसार ठरलेले असते, महिनाभर आधी घेतले म्हणून ते उतरत नाही, आणि देश लहान असल्याने ते पासच्या एका दिवसाच्या किमतीच्या आतच राहते. आइंडहोव्हनच्या मित्राकडून अ‍ॅमस्टरडॅम पाहायला जाण्यात पासचा दिवस खर्च करू नये. स्टेशनच्या प्रवेशद्वारावर बँकेचे कार्ड टेकवून जावे आणि उतरताना पुन्हा टेकवावे. स्वित्झर्लंडचे चित्र नेमके उलटे आहे. झ्युरिक ते जिनिव्हा या एका फेरीचे पूर्ण भाडेच पासच्या एका दिवसापेक्षा बरेच जास्त आहे, त्यामुळे तेथे पासचा दिवस सहज वसूल होतो.

पासच्या बाजूने किंवा विरुद्ध कौल देणारी खरी गोष्ट म्हणजे सक्तीचे आरक्षण. समजा तुमचे मित्र कोलोन, स्टुटगार्ट, झ्युरिक आणि व्हिएन्ना येथे आहेत. या पट्ट्यात बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. सकाळी मित्राच्या घरी पोह्यांचा आग्रह झाला आणि दहाची गाडी चुकली, तर पुढच्या गाडीत बसावे, इतके ते सोपे आहे. आता मित्र पॅरिस, बार्सिलोना आणि मिलान येथे आहेत असे समजा. फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनची एव्हीई आणि इटलीची फ्रेच्यारोसा या सर्व जलद गाड्यांत पास असूनही आरक्षण वेगळे घ्यावे लागते, त्याचे पैसे वेगळे पडतात, आणि फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय गाड्यांत पासधारकांच्या जागांना मर्यादा असते. तारीख आणि गाडी आधीच बांधून घ्यावी लागत असेल, तर पासचे मोकळेपण उरते कोठे? शिवाय इटलीतील इतालो आणि फ्रान्समधील विगो या स्वस्त जलद गाड्या पासमध्ये समाविष्टच नाहीत. अशा मार्गावर मी पास न घेण्याच्या बाजूने आहे.

मित्रभेटीच्या प्रवासात आठवड्याचे वार फार महत्त्वाचे ठरतात, आणि खर्चाचा अंदाज बहुधा इथेच चुकतो. नोकरदार मित्र मोकळा असतो शनिवारी-रविवारी, म्हणून आपण शुक्रवारी संध्याकाळी पोहोचतो आणि रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी सकाळी निघतो. नेमक्या याच वेळी गाड्या सर्वाधिक भरलेल्या आणि सर्वाधिक महाग असतात. सुटे तिकीट घ्यायचे असेल तर हे टप्पे सर्वांत आधी घ्यावेत. पास असेल तर भाडे वाढत नाही, पण शुक्रवारच्या आयसीईमध्ये, म्हणजे जर्मनीच्या जलद गाडीत, आरक्षण सक्तीचे नसले तरी काही युरो भरून जागा राखून ठेवावी, नाहीतर दोन डब्यांच्या मधल्या जागेत आपल्याच बॅगेवर बसून प्रवास करण्याची वेळ येते. मित्र घरून काम करणारा असेल आणि मंगळवार-बुधवारी येणे चालत असेल, तर सुट्या तिकिटांचा खर्च लक्षणीय उतरतो. हे त्याला मोकळेपणाने विचारावे.

गाडीला उशीर झाला तर काय, याचाही विचार निवडीतच व्हायला हवा. जर्मनीत २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोहोचल्या. एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास असेल तर जोडगाडी चुकल्यास पुढे नेण्याची जबाबदारी रेल्वेची असते, आणि युरोपीय संघाच्या नियमानुसार ६० मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटांच्या उशिराला ५० टक्के भरपाई मागता येते. स्वस्त पडतात म्हणून एकाच दिवसाची दोन वेगळी तिकिटे घेतली तर मात्र चुकलेल्या दुसऱ्या गाडीचा भुर्दंड सहसा आपल्यालाच बसतो. पासधारक अशा वेळी निर्धास्त असतो, निदान आरक्षणाची सक्ती नसलेल्या देशांत. त्याने एवढेच सांभाळायचे की पास आता मोबाइलवर असतो आणि प्रत्येक गाडी चढण्यापूर्वी रेल प्लॅनर अ‍ॅपमध्ये नोंदवावी लागते. गाडी शोधायची, ती प्रवासात घ्यायची, मग पासला जोडायची. तेव्हा कोठे तिकीट तपासनीसाला दाखवायचा क्यूआर कोड तयार होतो. चढल्यावर पाहू म्हणणाऱ्याकडे नियमाने वैध तिकीट नसते. गाडी बदलली की नोंदही बदलावी.

भारतातून निघणाऱ्यांसाठी व्हिसाचा मुद्दा दराइतकाच वजनदार आहे. युरोपातील बहुतेक देशांत एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण व्हिसा हाती येईपर्यंत परत न होणारी स्वस्त तिकिटे घेणे धोक्याचे, आणि थांबावे तर भाडी चढतात. न वापरलेला, सुरू न केलेला नेहमीच्या किमतीचा पास काही रक्कम कापून परत करता येतो. सवलतीच्या काळात घेतलेल्या पासच्या अटी वेगळ्या असतात, त्या नीट वाचाव्यात. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे सर्वाधिक दिवसांचा मुक्काम कोठे यावर ठरते, त्यामुळे कोणत्या मित्राकडे किती रात्री हे आधी लिहून काढणे आवश्यक असते. फ्रान्समधील यजमानाला त्याच्या नगरपालिकेकडून निवासाचा प्रमाणित दाखला घ्यावा लागतो, आणि तो टपालाने भारतात येण्यात वेळ जातो; ही विनंती त्याला महिना-दोन महिने आधी करावी.

कुटुंबासह जाणाऱ्यांचा हिशेब पासकडे झुकतो, कारण एका प्रौढाबरोबर ४ ते ११ वयाच्या दोन मुलांना मोफत पास मिळतो. जर्मनीतल्या जर्मनीत मात्र साध्या तिकिटावरही १५ वर्षांखालील मुले मोठ्यांबरोबर मोफत जातात. सर्व मित्र जर्मनीतच, एकमेकांपासून दोन-तीन तासांवर असतील आणि तुमच्याकडे सवड असेल, तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवून डॉइचलांडटिकिट पाहावे. मे २०२३मध्ये ४९ युरोंना सुरू झालेले हे मासिक तिकीट जानेवारी २०२६पासून ६३ युरोंचे झाले आहे; ते प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम आणि बस या सर्वांत चालते, आयसीईत चालत नाही. स्टेशनपासून मित्राच्या घरापर्यंतची ट्राम यूरेलमध्ये येत नाही, तीही यात येते. हे तिकीट आपोआप पुढच्या महिन्यात चालू राहते, म्हणून महिन्याच्या १० तारखेपर्यंत ते रद्द करावे.

मित्रांपैकी कोणी लंडनला असेल तर तो टप्पा सर्वांआधी ठरवावा. ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्र लागतो, आणि मध्येच लंडनला जाऊन युरोपात परतायचे असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो. लंडनला जाणाऱ्या युरोस्टार गाडीत पासधारकांसाठी ठरावीक जागाच असतात आणि त्या सुट्टीच्या हंगामात लवकर संपतात. मित्राची तारीख पक्की झाली की आधी ती जागा मिळते का पाहावे. न मिळाल्यास साधे तिकीट घेऊन उरलेल्या प्रवासापुरता कमी दिवसांचा पास घेणे स्वस्त पडते.