नेक्रोमन्सरच्या हाती सर्ज द्यावा की बेन चँट?

किंग्ज ऑफ वॉर या टेबलावर पुतळ्यांच्या फौजा लढवायच्या खेळात अनडेड, म्हणजे मेलेल्यांची, फौज घेतली की नेक्रोमन्सर हा मांत्रिक येतोच. पण एका पाळीत त्याला एकच मंत्र टाकता येतो, मग युनिट (तुकडी) पुढे ढकलणारा सर्ज टाकायचा की वार जड करणारा बेन चँट? पहिली दोन वर्षं मी डोळे झाकून सर्ज टाकत होतो. आता बहुतेक वेळा बेन चँट टाकतो.

जखमा भरणाऱ्या हील या मंत्राचं आधी उरकतो. आमचे सांगाडे जिथे भिडतात तिथे एकदोन पाळ्यांत निकाल लागतो, जखमा भरायला रेजिमेंट टेबलावर उरतच नाही. झोंब्यांचं होर्ड (मोठी तुकडी) नुसतं वाट अडवायला उभं केलं असेल तर हील उपयोगी पडतो, एरवी मला तरी फारसा पडलेला नाही.

सर्जचं मोल मी नाकारत नाही. शॅम्बलिंग (पाय ओढत चालणाऱ्या) युनिटांना दुप्पट धाव नाही, ती उणीव तो भरून काढतो. शिवाय हालचाल आधी, मंत्र नंतर आणि हातघाई शेवटी असा क्रम असल्यामुळे चालीतच सांगाडे शत्रूच्या बगलेला नेऊन ठेवता येतात आणि मग मंत्राने पुढे ढकलता येतात. भिडले की तो चार्ज (धावून केलेला हल्ला) धरला जातो. बगलेवर हल्ले दुप्पट, पाठीवर तिप्पट. हे मला पहिल्यांदा साधलं त्या रात्री आनंदाने झोप आली नव्हती.

पण चार किंवा वर पडलेल्या प्रत्येक फाशाला इंच एकच, आणि तोही नाकासमोर सरळ. सांगलीच्या विश्रामबागेत आतेभावाकडे जेवणाच्या टेबलावर सहा बाय चारचा प्लायवूड टाकून आम्ही खेळतो, अंतर मोजायला आत्याच्या शिवणकामाची टेप. लागोपाठ तीन रविवार असंच झालं: चार इंच हवे होते, आठ फासे टाकले, लागले तीन. सांगाडे त्याच्या ड्वार्फांच्या इंचभर अलीकडे थांबले, आणि पुढच्या पाळीत त्यानेच माझ्या उघड्या बगलेवर चार्ज केला. नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. पण बेन चँट फसला तर युनिट आधीच भिडलेलं असतं, नेहमीच्या ताकदीने का होईना, लढतं. सर्ज फसला तर लढाई होतच नाही आणि शत्रूला आयतं सावज मिळतं. तो एक इंच मला अजून खुपतो.

बेन चँटला फासे दोनच, पण त्यातला एक लागला तरी पुरतो; म्हणजे चारातून तीनदा काम होतं. क्रशिंग स्ट्रेंग्थ, म्हणजे वाराची चिलखत भेदायची ताकद, एकाने वाढते. डिफेन्स (जखम करायला फाशावर लागणारा आकडा) ३ च्या हलक्या युनिटांसमोर हा फरक जाणवण्याइतका नाही. पण आतेभावाचे आयर्नगार्ड, म्हणजे जड चिलखतातले ड्वार्फ, डिफेन्स ६ चे. त्यांना एरवी फक्त सहावर जखम होते, मंत्र लागला की पाचवरही होते, म्हणजे जखमा दुप्पट. बगलेवरच्या सर्जने जे मिळतं तेच समोरासमोर मिळालं.

आणखी एक, हे कदाचित आमच्यापुरतंच असेल. सांगलीत आम्ही खेळणारे मोजकेच, दर रविवारी समोर तेच चेहरे. सर्जची रेषा त्यांना आता दुरून दिसते, मधल्या फटीत एखादं लहान युनिट आणून ठेवतात आणि वाट बंद. बेन चँट अडवायचा तर नेक्रोमन्सरच मारावा लागतो, आणि त्याला मी मागे सांभाळून ठेवतो.

तुम्ही पुण्यामुंबईला जाऊन अनोळखी लोकांशी खेळणार असाल, किंवा समोर जड चिलखत नसेल, तर सर्ज कदाचित तुम्हाला जास्त देईल. दोन नेक्रोमन्सर बसत असतील तर एक त्यासाठी राखाच. मीही आठ फाशांवर तीन इंचांपर्यंत अंतर असेल तर सर्ज टाकतो. चार असेल तर मोह आवरतो आणि शेजारी भिडलेल्या रेजिमेंटवर बेन चँट टाकतो.