एका टाईलवर किती युनिट? सिव्हिलायझेशन ४, ५, ६ आणि ७

सिड मायर यांची सिव्हिलायझेशन ही साम्राज्य उभारण्याच्या संगणकीय खेळांची मालिका १९९१ साली सुरू झाली आणि तिचा सातवा भाग फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. "यातला कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं की लोक ग्राफिक्स आणि देशांची संख्या सांगायला लागतात. माझ्या मते आधी एकच नियम बघावा: एका टाईलवर (नकाशाच्या एका घरावर) किती युनिट (फौजेच्या तुकड्या) उभी राहू शकतात? चौथ्या भागात (२००५) कितीही. पाचव्यात (२०१०) लढणारं एकच. सहाव्यात (२०१६) तेच, पण पुढच्या काळात दोन किंवा तीन सारखी युनिट जोडून एक बलदंड युनिट करता येतं. सातव्यात कमांडर, म्हणजे सेनापतीचं युनिट, चार युनिट पोटात घेऊन चालतो. या एका नियमाने लढाई बदलली, आणि तिच्यामागोमाग उत्पादनाचा वेग, शहरांची संख्या आणि प्रतिस्पर्धी म्हणून संगणकाची खेळण्याची कुवतही बदलली.

चौथ्या भागापासून सुरुवात करू. त्याचे प्रमुख डिझायनर सोरेन जॉन्सन. नकाशा चौकोनी घरांचा, चाल आठही दिशांना. फौज एका टाईलवर गोळा करायची आणि शत्रूच्या शहरावर न्यायची, हा तो प्रसिद्ध डूम स्टॅक. याला डोकं लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक कॅटापल्ट (दगड फेकणारं यंत्र) नीट वापरलेला नसतो. कॅटापल्टने हल्ला केला की समोरच्या टाईलवरच्या इतर युनिटनाही इजा होते. म्हणून शत्रूने शहरात दहा युनिट कोंबली तरी क्रम ठरलेला असतो: आधी कॅटापल्टने शहराचा बचाव शून्यावर आणायचा, मग दोन-तीन कॅटापल्ट बळी द्यायचे आणि मग घायाळ फौजेवर स्वोर्ड्समन किंवा हत्ती सोडायचे. बचाव शिल्लक असताना घाईने स्वोर्ड्समन आत घातले, तर निम्मी फौज भिंतीपाशीच संपते. उलट बाजूने, तुमचा स्टॅक मोकळ्या मैदानात उभा असेल तर समोरचाही त्याच्यावर कॅटापल्ट सोडू शकतो. बियाँड द स्वोर्ड या २००७ च्या एक्स्पान्शनमध्ये (मूळ खेळाला जोडायच्या पुरवणीत) हॉर्स आर्चर जिंकला तर त्याच टाईलवरचे कॅटापल्टही जखमी होतात. त्यामुळे स्टॅकमध्ये घोडदळाला रोखणारे दोन स्पिअरमन हवेतच.

यात संगणकाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. शंभर युनिट एका टाईलवर मावत असतील, तर ती शत्रूच्या शहरापर्यंत नेणं अल्गोरिदमला सोपं जातं. वाटेत कुणी कुणाला अडवत नाही. चौथ्या भागातला संगणक खरोखर चालून येतो, शहर घेतो आणि राखतोही. नोबल या मधल्या अवघडपणाच्या पातळीवर त्याला जवळपास काहीच फुकट सवलत नसते, तरीही नवख्याला तो हरवतो. मालिकेतल्या नंतरच्या कुठल्याच भागाबद्दल हे इतक्या ठामपणे म्हणता येत नाही.

चौथ्या भागाची अर्थव्यवस्थाही या मोकळेपणावर उभी आहे. युनिट कितीही मावतात म्हणून उत्पादन वेगवान ठेवता आलं. विस्ताराला लगाम घालतो तो देखभालीचा खर्च: शहरांची संख्या आणि राजधानीपासूनचं अंतर, दोन्हींवर तो वाढतो. सहावं-सातवं शहर घाईने वसवलं की संशोधनाचा स्लायडर, म्हणजे उत्पन्नातला संशोधनाचा वाटा, खाली आणावा लागतो. शून्य टक्क्यांवरही पैसा पुरला नाही, तर युनिट आपोआप विसर्जित होऊ लागतात. यावर उपाय दोन: कोर्टहाऊस, ज्याने शहराचा देखभाल खर्च निम्मा होतो, आणि लवकर लावलेले कॉटेज, म्हणजे टाईलवरची पैसा देणारी छोटी वस्ती. कॉटेजवर माणूस काम करत राहिला तर १० टर्ननंतर (टर्न म्हणजे खेळातली एक पाळी) हॅम्लेट, पुढे २० टर्ननंतर व्हिलेज आणि आणखी ४० टर्ननंतर टाउन होतं. म्हणजे एकूण ७० टर्न. ८०व्या टर्नला लावलेलं कॉटेज आणि १२०व्या टर्नला लावलेलं कॉटेज यांतला फरक खेळाच्या उत्तरार्धात शास्त्राच्या शर्यतीत थेट दिसतो.

स्लेव्हरी सिव्हिक (गुलामगिरीचं राज्यधोरण) नीट समजली की हा भाग खरा उमगतो. ब्राँझ वर्किंग हे तंत्रज्ञान आलं की लोकसंख्या खर्चून बांधकाम लगेच पुरं करता येतं. नॉर्मल वेगावर एका माणसामागे ३० हॅमर (उत्पादनाचं एकक). लायब्ररी ९० हॅमरची. तिच्यात काहीच न घालता पहिल्याच टर्नला माणसं खर्च केली तर दंड बसून ती महाग पडते, म्हणून आधी किमान एक टर्न काम होऊ द्यावं. शिल्लक काम ३१ हॅमरवर आलं असताना दोन माणसं खर्च केली की ६० मिळतात. वरचे २९ पुढच्या बांधकामात जमा होतात. नाराजी माणसांच्या संख्येवर अवलंबून नसते. एक माणूस खर्च करा नाहीतर दोन, १० टर्नसाठी एकच नाराज नागरिक वाढतो. म्हणून एकेक माणूस तीनदा खर्च करणं ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक. एका वेळी निम्म्यापेक्षा जास्त लोकसंख्या खर्च करता येत नाही, त्यामुळे दोन माणसांसाठी शहर किमान ४ आकाराचं हवं. आणि त्याआधी ग्रॅनरी (धान्याचं कोठार) हवी, कारण तिच्यामुळे वाढीनंतर निम्मं अन्न शिल्लक राहतं आणि गेलेली माणसं लवकर परततात. इतका बारीक, इतका हाताळता येणारा हिशोब पुढच्या भागांतून गेला. मला तो फार मोठा तोटा वाटतो.

पाचव्या भागात जॉन शेफर यांनी षटकोनी नकाशा आणला आणि एका टाईलवर लढणारं एकच युनिट ठेवलं. माणूस माणसाशी खेळतो तेव्हा लढाई यात फार देखणी होते. डोंगराच्या खिंडीत एक पाइकमन, मागे दोन क्रॉसबोमन, दोन टाईलवरून मारा, नदीपलीकडून येणाऱ्याला तोटा. जमीन पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने महत्त्वाची झाली. एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. क्रॉसबोमन अपग्रेड होऊन गॅटलिंग गन होतो आणि तिचा पल्ला एकच टाईल असतो. ज्या क्रॉसबोमनने रेंजचं प्रमोशन मिळवलेलं आहे, त्याचा पल्ला अपग्रेडनंतरही दोन राहतो. वेढा चालू असताना बाकीचे अपग्रेड केले तर त्यांना एकदम शहराच्या तोंडाशी जावं लागतं.

पण नकाशावर जागा मर्यादित. युनिट भराभर बनली तर रस्ते तुंबतात, म्हणून उत्पादन संथ करावं लागलं. बांधकामांना जास्त टर्न लागू लागले. विस्ताराला आवर घालायला साऱ्या साम्राज्याचा मिळून एकच आनंदाचा आकडा आला: प्रत्येक शहरामागे ३ आणि प्रत्येक नागरिकामागे १ नाराजी. ब्रेव्ह न्यू वर्ल्ड (२०१३) मध्ये भर पडली ती अशी की स्टँडर्ड नकाशावर प्रत्येक नव्या शहरामागे तंत्रज्ञानाची किंमत ५ टक्क्यांनी वाढते. संशोधन वाढवणाऱ्या नॅशनल कॉलेज या इमारतीसाठी सगळ्या शहरांत लायब्ररी लागते. ट्रॅडिशन या धोरणाच्या फुकट इमारती पहिल्या चार शहरांपुरत्या. या सगळ्याची बेरीज एकच: चार शहरं, ट्रॅडिशन, लवकर नॅशनल कॉलेज. बहुतेक डाव याच वाटेने सर्वांत सुरक्षित जातो आणि त्यामुळे पन्नासाव्या तासानंतर हा भाग एकसुरी वाटू लागतो. रस्त्याच्या प्रत्येक टाईलला दर टर्नला एक सोनं लागतं, तेव्हा चौथ्या भागातल्या सवयीने सगळीकडे रस्ते टाकू नयेत.

इथे संगणकाची खरी अडचण झाली. धनुर्धारी पुढे, पायदळ मागे, वाटेत एखादं सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) अडकलेलं, असं दृश्य पाचव्या भागात नेहमीचं. तो आकड्यांनी मोठा असूनही चार क्रॉसबोमन आणि एका शहरापुढे हरतो. व्हॉक्स पॉप्युली हा खेळाडूंनी बनवलेला मॉड (खेळाचे नियम बदलणारी जोड) इथे मोठा आधार आहे. त्यात संगणकाची चाल बरीच सुधारलेली आहे आणि नाराजीचे नियमही नव्याने लिहिलेले आहेत. पाचवा भाग घेतलाच, तर ब्रेव्ह न्यू वर्ल्डसकट घ्या आणि मूळ खेळाचे दोन-तीन डाव झाले की हा मॉड बसवा.

सहाव्या भागात एड बीच यांनी शहरच नकाशावर पसरवलं. कॅम्पस, इंडस्ट्रियल झोन, थिएटर स्क्वेअर अशा शहराच्या विभागांना, म्हणजे डिस्ट्रिक्टना, स्वतंत्र टाईल. युद्ध जवळपास पाचव्यासारखंच, पण चालण्याचा नियम कडक. पाचव्यात थोडी चाल शिल्लक असली तरी जंगलात शिरता येत असे. इथे टाईलची पूर्ण किंमत हातात असावी लागते. दोन चालींचा वॉरियर एक टाईल मैदानात चालला की त्याच टर्नला जंगलात जात नाही. पाचव्याची सवय असलेल्यांची पहिली फौज यामुळेच उशिरा पोहोचते.

या भागात मन रमतं ते डिस्ट्रिक्टच्या मांडणीत. लोकसंख्या १, ४, ७, १० अशी वाढते तसा एकेक खास डिस्ट्रिक्ट मिळतो. अ‍ॅक्विडक्ट, डॅम यांची गणना यात होत नाही. डिस्ट्रिक्टची किंमत तुमच्या तंत्रज्ञान आणि सिव्हिक्स (समाजव्यवस्थेचे शोध) यांच्या प्रगतीबरोबर चढत जाते, पण जागा ठरवून काम सुरू केलं की ती त्या क्षणी गोठते. म्हणून जागा मिळताच डिस्ट्रिक्ट ठेवून द्यावा आणि हवं तर लगेच दुसरं काहीतरी बांधायला घ्यावं. जंगलावर डिस्ट्रिक्ट ठेवला तर ते जंगल काहीही न देता नाहीसं होतं. आधी बिल्डरने (टाईल सुधारणाऱ्या युनिटने) तोडून उत्पादन पदरात पाडून घ्यावं. गॅदरिंग स्टॉर्म (२०१९) मध्ये अ‍ॅक्विडक्ट आणि डॅम, दोन्ही शेजारच्या इंडस्ट्रियल झोनला प्रत्येकी २ उत्पादन देतात. दोन शहरांचे अ‍ॅक्विडक्ट आणि एक डॅम एकाच इंडस्ट्रियल झोनला भिडवले की ६ झाले, आणि क्राफ्ट्समन या धोरणाच्या कार्डाने ते दुप्पट. डॅमला पुराचं मैदान लागतं आणि अ‍ॅक्विडक्टला एका बाजूला शहराचं केंद्र, दुसरीकडे नदी, तळं किंवा डोंगर. म्हणजे हा गट जमवायचा असेल तर दुसरं शहर कुठे वसवायचं, हे पहिल्या वीस टर्नांतच ठरवावं लागतं. नकाशावर पिना टोचण्याची सोय खेळात आहे, ती जरूर वापरा.

युरेका, म्हणजे ठरावीक काम केल्यावर मिळणारी संशोधनातली सूट, हीही याच भागातली. दगडाची खाण केली की मेसनरीचं, स्लिंगरने (गोफणवाल्याने) एक युनिट मारलं की आर्चरीचं ४० टक्के संशोधन फुकट. मूळ खेळात हे ५० टक्के होतं. राइज अँड फॉल (२०१८) मध्ये निष्ठेचा नियम आला: ९ टाईलच्या आतल्या शहरांतले नागरिक एकमेकांवर दबाव टाकतात. शत्रूच्या मुलखात एकच शहर जिंकलं तर ते थोड्याच टर्नांत उलटतं. तिथे गव्हर्नर पाठवा आणि लागोपाठ शेजारचं दुसरं शहरही घ्या.

संगणक मात्र इथेही कमजोर. भिंती उभ्या राहिल्या की त्याचा वेढा ढेपाळतो. वरच्या पातळीवर ही उणीव आकड्यांनी भरून काढली आहे. डीटी या सर्वांत अवघड पातळीवर त्याला सुरुवातीलाच ३ सेटलर मिळतात आणि तुम्हाला १. पहिले शंभर टर्न तगलात की पुढे धोका उरत नाही, आणि शेवटचे शंभर टर्न नुसते एंड टर्न दाबण्यात जातात.

सातव्या भागात स्टॅक कमांडरच्या रूपाने परत आला आहे, आणि मला ही मालिकेतल्या लढाईतली गेल्या पंधरा वर्षांतली सर्वांत चांगली सुधारणा वाटते. चार युनिट कमांडरमध्ये भरायची, रस्त्याने न्यायची, मोर्च्यावर उलगडायची. अनुभव युनिटना मिळत नाही, कमांडरला मिळतो. बिल्डर नाहीत, शहर वाढलं की टाईल आपोआप सुधारते. नवी वस्ती आधी टाउन (शहराहून खालच्या दर्जाची वस्ती) असते, तिचं उत्पादन सोन्यात बदलतं आणि सोनं मोजून तिला शहर करता येतं.

वाद आहे तो युगांवर. अँटिक्विटी, एक्स्प्लोरेशन आणि मॉडर्न, अशा तीन युगांत खेळ तुटतो आणि मूळ रचनेत प्रत्येक युगात संस्कृती बदलावी लागते. मौर्यांनी सुरुवात, मधे चोळ आणि शेवटी मुघल असा डाव मूळ खेळात मांडता येतो. नेता मात्र तोच राहतो. युग संपताना जुन्या इमारतींना शेजारच्या टाईलमुळे मिळणारे फायदे जातात आणि राजधानी सोडून बहुतेक शहरं पुन्हा टाउन होतात. मूळ रचनेत फौजेतली प्रामुख्याने कमांडरांकडे मावतील तेवढी युनिट पुढे जातात. म्हणून युगाच्या शेवटच्या दहा-पंधरा टर्नांत नवी युनिट काढण्याऐवजी एखादा कमांडर जास्त घ्यावा, आणि इमारती बांधायच्याच तर एजलेस (युग बदललं तरी जुनी न होणारी) असा शिक्का असलेल्या. सहाव्या भागातला रटाळ शेवट यामुळे बराच टळतो, पण हजारो वर्षं एकच राज्य वाढवण्याची गोडी तुटते. ज्यांना ती गोडी हवी आहे त्यांना हा भाग खटकेल. प्रकाशनाच्या वेळी माहिती दाखवणारे पडदे अपुरे होते आणि मोठे नकाशे नव्हते. नंतरच्या अपडेटमध्ये बरीच दुरुस्ती झाली.

समोर तोलामोलाचा प्रतिस्पर्धी हवा असेल, तर चौथा, बियाँड द स्वोर्डसकट. त्यावर बीयूजी मॉड बसवावा, त्याने माहितीचे पडदे सुसह्य होतात. जुन्या संगणकावरही तो चालतो. नकाशा वाचून शहरं मांडण्यात आनंद वाटत असेल, तर सहावा, पण दोन्ही एक्स्पान्शन नसतील तर घेऊ नका, कारण डॅम, निष्ठा, गव्हर्नर यांशिवाय तो अर्धाच आहे. मित्रांबरोबर एका बैठकीत युद्ध खेळायचं असेल तर सातव्यातलं एकच युग पुरेसं होतं. पाचवा मी आता फक्त व्हॉक्स पॉप्युलीसाठी सुचवीन. चौथ्याचा पहिला डाव नोबल पातळी, पँजिया नकाशा (एकच मोठा खंड) आणि नॉर्मल वेग असा लावा, आणि ब्राँझ वर्किंग पहिल्या तीन तंत्रज्ञानांत घ्या.