चाळीस तासांत 'बी टू'ची हमी: आमच्या ऑफिसची फसवणूक

मरोळला आमचं छोटं ऑफिस आहे. माल परदेशी जातो, त्यामुळे फोन आणि मेल इंग्रजीत. गेल्या वर्षी इंग्रजी शिकवणारी एक संस्था आली. म्हणाली, शनिवारच्या वर्गांतून 40 तासांत प्रत्येकाला 'बी टू' पातळीवर नेऊ. माणशी फी 6,000 रुपये. निम्मी कंपनीने द्यायची, निम्मी पगारातून कापायची. साहेबांचा होकार मीच मिळवला होता, म्हणून हे मीच लिहितेय.

'बी टू' म्हणजे काय, हे मी आधी पाहायला हवं होतं. भाषा किती येते हे मोजणाऱ्या युरोपीय चौकटीत ए वन ते सी टू अशा सहा पायऱ्या आहेत, 'बी टू' ही चौथी. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या अंदाजाने अगदी सुरुवातीपासून शिकणाऱ्याला 'बी टू' गाठायला शिकवणीचे 500 ते 600 तास लागतात.

आमचे डिस्पॅचचे काका रोज रात्री मुलीला बसवून वही भरायचे. वर्गात काय शिकवलं? 'मायसेल्फ अमुक' अशी ओळख, तीही चुकीची, आणि पाठ केलेली दहा वाक्यं. शेवटी परीक्षा झाली, सगळ्यांचे गुण दुपटीने वाढले. नंतर पेपर चाळले तर पहिल्या दिवशीचाच पेपर पुन्हा दिलेला! पुढच्याच आठवड्यात दुबईच्या गिऱ्हाईकाने विचारलं, कंटेनर न्हावा शेवाला का अडकलाय? काका पाठ केलेली ओळख बोलले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. त्यांचा तो चेहरा मला विसरता येत नाही.

मग मी बिल काढलं. बारा जणांचे 72,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, 12,960 रुपये. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही बिलावरचा जीएसटी नंबर तपासता येतो. मी टाकला, तर असा नंबरच नाही. प्रमाणपत्रावर परदेशी संस्थेचा शिक्का होता, पण पडताळणीचा क्रमांक कुठेच नव्हता. संस्थेचा फोन बंद. अंधेरीतली संस्थेची जागा तासावर भाड्याने घेतलेली निघाली.

तुमच्याकडे असं कुणी आलं तर जीएसटी नंबर पैसे देण्याआधी तपासा. फी हप्त्यांत द्या. परीक्षा शिकवणाऱ्याला घेऊ देऊ नका, बाहेरच्या माणसाकडून घ्या. फसलात तर पावत्या जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. आम्ही नोंदवली आहे.

पगारातून कापलेले प्रत्येकी 3,000 रुपये कंपनीने परत द्यावेत, अशी लेखी मागणी मी साहेबांकडे केली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.