दोन फुटी रीफ टाकी: टांगता फिल्टर, खालचा संप की मागचा कप्पा?

गोव्यात म्हापशाला राहणाऱ्या माझ्या भाच्याला मासे आणि प्रवाळ ठेवायला खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी, म्हणजे रीफ टाकी, लावायची आहे. काच, दिवे, मीठ, दगड सगळं त्याचं ठरलं आणि गाडी फिल्टरपाशी येऊन अडली. "मामा, मागे एचओबी टांगू, खाली संप करू, की मागे कप्पे असलेली टाकीच बनवून घेऊ? तुझ्याकडे तिन्ही होऊन गेलेत, तूच सांग." एचओबी म्हणजे मागच्या काचेवर टांगायचा फिल्टर, आणि संप म्हणजे खाली कपाटात ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी.

तिन्ही खरंच होऊन गेले, फोंड्याच्या याच घरात आणि याच कोपऱ्यात. त्याला फोनवर जे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं ते इथे सलग लिहितो. आपल्याकडे टाकी लावणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, आणि जी उत्तरं मिळतात ती बहुतेक अशा गावांतली असतात जिथे पावसाळ्यात रोज लाईट जात नाही.

आधी आकार स्पष्ट करतो. मी बोलतोय ते 60 बाय 40 बाय 40 सेंटिमीटरच्या टाकीबद्दल. हिशेबाने 96 लिटर, पण दगड आणि वाळू टाकल्यावर पाणी उरतं 75 लिटरच्या आसपास. आत दोन क्लाऊनफिश, एक क्लीनर श्रिंप (छोटी कोळंबी), थोडे झोआ आणि मश्रूम, हे दोन्ही मऊ प्रवाळ. कडक सांगाड्याचे प्रवाळ मी ठेवत नाही. 2001 पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ज्याला समुद्र आवडतो म्हणून तो टाकी लावतो त्याने तरी ही मर्यादा पाळावी असं मला मनापासून वाटतं. मऊ प्रवाळांचा एक फायदाही आहे: त्यांना झोडपून काढणारा प्रवाह लागत नाही. परदेशी व्हिडिओंत ताशी टाकीतल्या पाण्याच्या पन्नास पट प्रवाह वगैरे आकडे सांगतात, ते आपल्या कामाचे नाहीत. माझ्याकडे रिटर्न पंप (फिल्टरमधलं पाणी टाकीत परत ढकलणारा) आणि वेव्हमेकर (टाकीतच पाणी फिरवत ठेवणारा) मिळून पंचवीस-तीस पट होतं आणि झोआ खूश आहेत.

प्रवाहाचं पाहिलं तर तिन्ही पद्धतींत फारसा फरक नाही, कारण खरं काम वेव्हमेकरच करतो आणि तो तिन्हींत वेगळा लावावाच लागतो. तो कुठे लावायचा हे मात्र महत्त्वाचं. मी आता बाजूच्या काचेवर अगदी वर लावतो, तोंड किंचित वरच्या दिशेला, म्हणजे पृष्ठभागावर सतत सुरकुती दिसली पाहिजे. दगड मागच्या काचेला टेकवायचे नाहीत, चार बोटं जागा सोडायची. मग चिमूटभर बारीक खाद्य सोडून बघत बसायचं की कण कुठे जाऊन बसतात. जिथे बसतील तिथेच उद्या घाण साचणार. झोआंची टोकं डुलली पाहिजेत, एकाच दिशेला वाकून राहता कामा नयेत.

आता फिल्टर.

सुरुवात सगळ्यांसारखी मीही टांगत्या फिल्टरने केली. खर्च कमी, काचेला भोक नाही, घाण गाळणारा पांढरा फायबर दोन मिनिटांत बदलून होतो. मोटर बऱ्याच मॉडेलांत पाण्याबाहेर असते, त्यामुळे मे महिन्यात पाणी तापायला तेवढंच एक कारण कमी. मागच्या काचेवर मिठाची खपली चढते ती ओल्या फडक्याने आठवड्याला पुसायची, एवढंच काम. ज्याला हे आपल्याला जमेल का हेच आधी पाहायचं आहे, त्याने इथूनच सुरुवात केली तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

पण त्याची एक खोड आहे. लाईट गेली की फिल्टरच्या डब्यातलं पाणी नळीवाटे परत टाकीत उतरतं आणि डब्याची पातळी टाकीच्या पातळीला येऊन थांबते. टाकी काठोकाठ असेल तर मोटरचा पंखा पाण्याखालीच राहतो, आणि लाईट आली की फिल्टर आपोआप सुरू होतो. टाकीतलं पाणी मात्र बाष्प होऊन इंचभर उतरलेलं असेल तर पंखा कोरडा पडतो. मग लाईट येते, मोटर फिरते, पाणी चढत नाही. तुम्ही घरी असाल तर तांब्याभर पाणी ओतून पुन्हा चालू करता. नसाल तर?

माझ्याबाबतीत ते चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, झालं. आमचं मूळ घर पेडण्याला, दीड दिवसाचा गणपती. आदल्या दिवशी माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची चौकट) बांधायला दुपारीच निघालो आणि परतलो तिसऱ्या दिवशी रात्री. दार उघडलं तेव्हाच वास आला. फिल्टरची मोटर कोरडी घरघरत होती. पाण्यावर तवंग धरलेला, तेलाचा हात फिरवावा तसा, अखंड, आणि त्यात दिव्याचं प्रतिबिंब जराही हलत नव्हतं. वेव्हमेकर चालू होता, पण तेव्हा मी तो खाली दगडांकडे तोंड करून लावला होता. खालचं पाणी फिरत होतं, पृष्ठभाग फुटतच नव्हता. मुळात खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी मावतो, आणि पाणी कोमट असेल तर आणखी कमी. झोआ मिटलेले. दोन्ही क्लाऊनफिश कोपऱ्यात वर तोंड काढून होते, ते वाचले. श्रिंप दगडाखाली सापडला, पांढरा पडलेला. दीड वर्ष माझ्या हाताला येऊन नखं साफ करणारा तो जीव होता. ती रात्र मी अजून विसरलेलो नाही.

शेजाऱ्यांनी सांगितलं की त्या दोन दिवसांत लाईट चार-पाच वेळा गेली आली. सगळ्यात लांब खंड असेल तासाभराचा. तासभर काही न चालल्याने श्रिंप मरत नाही. नंतर लाईट येऊनही फिल्टर सुरू झाला नाही म्हणून तो गेला.

न्यायाने बोलायचं तर आता काही टांगते फिल्टर असे मिळतात ज्यांचा पंप टाकीच्या आतच बुडालेला असतो. त्यांना हा दोष नाही. घ्यायचाच असेल तर तसाच घ्या.

त्यानंतर मी संपाकडे वळलो, आणि संपाबद्दल वाईट बोलणं मला जड जातं. पाणी चाळीस लिटरनी वाढतं, म्हणजे प्रत्येक चूक सावकाश होते. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), हीटर, फायबर सगळं खाली कपाटात जातं आणि वर नुसता समुद्राचा तुकडा दिसतो. बाष्प झालेलं पाणी संपाच्या शेवटच्या कप्प्यातच कमी होतं, वरची रेघ हलत नाही. दोन वर्षं माझी टाकी दिसायला सर्वांत सुंदर होती ती तेव्हाच.

लाईट गेली की संपाचा प्रश्न उलटा असतो. रिटर्न पंप थांबतो आणि त्याच पाईपातून वरचं पाणी खाली ओढलं जातं, पाईपाचं तोंड उघडं पडेपर्यंत. माझ्या पाईपाचं तोंड पाण्याखाली 5 सेंटिमीटर होतं. 60 बाय 40 च्या पृष्ठभागावर 5 सेंटिमीटर म्हणजे 12 लिटर. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून पाण्याच्या रेघेच्या जरा खाली पाईपाला बारीक भोक पाडतात. पातळी तिथे आली की हवा शिरते आणि ओढ तुटते. मीही पाडलं होतं. जूनमध्ये एका रात्री गडगडाटासह लाईट गेली, आणि सकाळी पाहतो तर कपाटाखालची लादी ओली, खालचं प्लाय फुगलेलं. पाईप काढून उजेडात धरला तर भोकात एक गोगलगाय, तांदळाच्या दाण्याएवढी, बुचासारखी नेमकी बसलेली.

असं एकदाच झालं. पुढे मी दोन भोकं पाडली, दर रविवारी सुईने साफ केली, संपात पाण्याची रेघ खाली आणली. पुन्हा कधी पाणी सांडलं नाही. पण रात्री वीज चमकली की माझी झोप मोडायची. पेडण्याला गेलो की शेजारच्या काकूंना फोन: "जरा टाकीखाली हात लावून बघता का?" त्या बिचाऱ्या दरवेळी बघून सांगायच्या. दुसरा पावसाळा संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं की संप व्यवस्थित चालतोय, पण घर सोडून मी निवांत जाऊ शकत नाही. मला तरी तेवढं कारण पुरलं.

म्हणून गेले चार पावसाळे टाकी तिसऱ्या पद्धतीची आहे. मागे 10 सेंटिमीटर रुंदीची जागा सोडून काचेची भिंत, तिच्या वरच्या काठाच्या फणीसारख्या खाचांतून पाणी मागे उतरतं. पहिल्या कप्प्यात फायबर, दुसऱ्यात दगडाचे तुकडे आणि कार्बनची पिशवी, तिसऱ्यात ताशी 600 लिटरचा छोटा पंप. लाईट गेली की पुढचं पाणी त्या खाचांच्या पातळीपर्यंत उतरतं आणि थांबतं. सगळं एकाच काचेच्या आत, जमिनीवर यायला वाटच नाही. लाईट आली की पंप पाण्याखालीच असल्याने लगेच सुरू. पावसाळ्यात संध्याकाळी चार वेळा गेली आली तरी मी उठून बघत नाही. यात दुसरं काही विशेष नाही, पण आपल्या हवेत मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

तिच्याही अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. कप्पा इतका अरुंद की हात जात नाही. तळाशी गाळ बसतो आणि नायट्रेट तिथूनच वाढतं, म्हणून दर आठवड्याला पाणी बदलताना बारीक नळीने पहिले सात-आठ लिटर मागच्या तळातूनच ओढायचे. मोठा स्किमर मावत नाही. छोटे मिळतात, मी एक वापरून पाहिला, आवाजाच्या मानाने त्याचा घाण साठवायचा कप जेमतेम रंगायचा. दोन माशांच्या टाकीला पाणीबदल जास्त भरवशाचा वाटला.

खरी अडचण आहे बाष्पाची. या टाकीत जेवढं पाणी उडतं ते सगळं फक्त पंपाच्या कप्प्यात कमी होतं. माझा कप्पा 15 बाय 10 सेंटिमीटरचा, म्हणजे एक लिटर उडालं की पातळी साडेसहा सेंटिमीटरहून जास्त खाली. एप्रिल-मेमध्ये पाणी 28 अंशांखाली ठेवायला मी वर पंखा लावतो, आणि पंखा थंड करतो तो पाणी उडवूनच. त्या दिवसांत मला रोज दोन लिटर घालावे लागतात. पाऊस लागला की हवा इतकी दमट होते की अर्धा लिटरसुद्धा पुष्कळ. म्हणजे उन्हाळ्यात एक दिवस विसरलात तर पंप हवा ओढायला लागतो आणि टाकीभर बुडबुडे.

त्यावर टॉप-अपचा सेन्सर लावलाय, तो उडालेलं पाणी आपोआप भरतो. त्याच्या कॅनमध्ये आरओचं गोडं पाणी सहा लिटरच ठेवतो, जास्त नाही. सेन्सर अडकून सगळं पाणी आत गेलंच तर क्षारता हजारी 35 वरून साधारण साडेबत्तीसवर येईल. प्रवाळ रुसतील, मरणार नाहीत. वर तीन सेंटिमीटर काच कोरडी सोडली आहे, तेवढ्यात ते सहा लिटर मावतात.

बाकी लाईट गेल्यावर प्रवाह चालू राहण्याची सोय तिन्ही पद्धतींत सारखीच करावी लागते. घरच्या इन्व्हर्टरवर डीसी वेव्हमेकर टाकला की झालं, तो मोजके वॉट घेतो. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात, ते टाळलेलं बरं. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तरी हवाच.

तुमची टाकी तीन फुटांच्या वर असेल, घरात कायम कोणीतरी असेल आणि मासे पाच-सहा ठेवायचे असतील, तर संपच करा. कप्प्याची टाकी तिथे अपुरी पडेल. नुसता अंदाज घ्यायचा असेल तर बुडत्या पंपाचा टांगता फिल्टर घ्या. दोन फुटी टाकी आणि चवथीला गावी जाणारं घर असेल, तर मला वाटतं कप्प्याकडे झुकावं. निदान माझा कौल तिकडे आहे.

भाच्याने शेवटी कप्प्याची टाकीच बनवायला टाकली. त्याला एकच बदल सांगितला. मागची रुंदी 10 ऐवजी 12 सेंटिमीटर ठेव आणि पंपाचा कप्पा 15 ऐवजी 20 सेंटिमीटर लांब घे. मग लिटरमागे पातळी चार सेंटिमीटरच्या जरा वर उतरेल, आणि पंप काढायला त्याचा हात आत जाईल.