वाढीव पगार की मोकळा रविवार: ख्रिस्ती कुटुंबासाठी एक तुलना

पुण्यासारख्या शहरात नोकरी करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबापुढे देव की धन हा प्रश्न इतक्या उघड रूपात क्वचितच येतो. बहुधा तो नेमणूकपत्राच्या रूपाने येतो. सध्याच्या नोकरीत महिन्याला 60,000 रुपये मिळतात, रविवार मोकळा असतो आणि संध्याकाळी सातपर्यंत घरी पोहोचता येते. नव्या नोकरीत 90,000 मिळणार असतात, पण साप्ताहिक सुट्टी फिरती असते, रोजचा प्रवास दोन तासांनी वाढतो आणि महिन्यातले दोन रविवार तरी कामावर जावे लागते. असे पत्र हाती असलेल्यांसाठी ही तुलना लिहीत आहे.

पैशाची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तिच्याविषयी बोलताना आपण उगाच संकोचतो. घराचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांचे औषधपाणी यांना चैन म्हणता येत नाही. स्वकीयांची तरतूद न करणाऱ्याविषयी प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या, बायबलमधील पहिल्या पत्रात फार कडक शब्द वापरले आहेत, आणि तो स्वतः करिंथमध्ये तंबू करण्याचा धंदा करून पोट भरत होता. म्हणून ज्या घरात महिनाअखेरीस किराणा उधारीवर आणावा लागतो, त्या घराने नवी नोकरी स्वीकारली तर त्यात भक्तीशी द्रोह होतो असे मला मुळीच वाटत नाही. खरी अडचण त्या घरात आहे, जिथे गरजा भागत आहेत आणि वाढीव 30,000 कशासाठी हवेत हे अजून कोणी ठरवलेलेच नाही.

आता वेळेची बाजू पाहू. आठवड्याचे तास 168. रविवारची उपासना जाण्यायेण्यासह तीन तास, रोज अर्ध्या तासाची कौटुंबिक प्रार्थना साडेतीन तास आणि आठवड्यातील एक प्रार्थनासभा दीड तास, असे सगळे मिळून आठ तास होतात. नव्या नोकरीचा नुसता वाढीव प्रवास सहा दिवसांत बारा तास घेतो, म्हणजे एकही रविवार न बुडता भक्तीच्या वेळेच्या दीडपट वेळ रस्त्यावर जातो.

अशी नोकरी मी स्वतः तीन वर्षे केली आहे. प्रार्थना बंद करायची असे आमच्या घरात कोणीही, कधीही ठरवले नव्हते. मी घरी पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजत, तोवर मुलगी ताटावरच पेंगू लागलेली असे, आणि ‘आज राहू द्या, उद्या करू,’ असे पत्नी म्हणे. एका रात्री पवित्र शास्त्र उघडले तेव्हा खुणेची फीत 37 व्या स्तोत्रावर होती आणि त्याच पानात नाताळच्या उपासनेचे पत्रक होते. बाहेर जूनचा पाऊस पडत होता. ते पत्रक हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो.

जास्त पगार मिळाला तर दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भागही वाढेल, असा युक्तिवाद अनेक जण करतात, आणि आकड्यांत तो बरोबरही आहे: 6,000 च्या जागी 9,000. परंतु मंदिराच्या भांडारासमोर बसलेल्या प्रभू येशूने गरीब विधवेच्या दोन टोल्यांचे, म्हणजे अगदी क्षुल्लक नाण्यांचे, मोल श्रीमंतांच्या दानाहून अधिक ठरवले, हे आठवले की हा युक्तिवाद सैल पडतो. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारा माणूस महिन्यातले दोन रविवार गैरहजर राहू लागला, तर ती उणीव अर्पणाच्या थैलीतील 3,000 रुपयांनी भरून निघत नाही. आणि जितके अर्पण द्याल त्याच्या कितीतरी पट परत मिळेल, अशी शिकवण देणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. ती भक्तीला गुंतवणूक करून टाकते.

भक्ती निवडण्याचेही दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही आपल्याच मातीत चालून दाखवलेले आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनबरोबर वर्षानुवर्षे काम केले, आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. त्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना किती सोसावी लागली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पंडिता रमाबाईंनी मात्र पैसा, जमीन आणि छापखाना यांपैकी काहीच नाकारले नाही. 1896-97 च्या दुष्काळातून आणलेल्या मुली आणि स्त्रियांना त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला, तिथे शेती आणि हातकामे उभी केली, आणि हिब्रू व ग्रीक भाषांतून स्वतः केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातून छापून घेतले. शुभवर्तमानातही एका श्रीमंत तरुणाला प्रभू सर्व विकून टाकायला सांगतो, आणि जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देतो तेव्हा त्याच्या घराला तारण लाभल्याचे जाहीर करतो.

टिळकांचा मार्ग मला अधिक हलवून सोडतो. तरीही कर्ज डोक्यावर असलेल्या संसारी माणसाला मी रमाबाईंचा मार्ग सुचवीन, कारण एकट्याने केलेल्या त्यागाचा भार जोडीदारालाही उचलावा लागतो. म्हणून निर्णय दोघांनी मिळून घ्यावा, आणि बायबलमधील नीतिसूत्रांच्या 30 व्या अध्यायातील आगूराची प्रार्थना त्या बैठकीत मोठ्याने वाचावी. तो दारिद्र्य मागत नाही, संपत्तीही मागत नाही. आवश्यक तेवढे अन्न मागतो. ते ‘आवश्यक तेवढे’ किती, याचा आकडा कागदावर लिहिला आणि तो सध्याच्या पगारात बसला, तर नवे पत्र नम्रपणे परत करावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडा बसत नसेल आणि नोकरी घ्यावीच लागणार असेल, तर सही करण्यापूर्वी रविवारच्या सकाळविषयी विचारावे. दिवाळीत आणि गणपतीत सुट्टी हवी असलेले सहकारी सगळीकडे असतात, त्यामुळे पाळ्यांची अदलाबदल वाटते तितकी अवघड नसते. पुढच्या नोकरीच्या वेळी मी हेच विचारले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची पाळी माझ्याकडे आली, आणि रविवारी दुपारी बारापर्यंतचा वेळ मला मोकळा मिळाला.