घरून काम की तीन दिवस हिंजवडी?

एक कंपनी म्हणते, आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला, पुण्याजवळच्या आयटी पार्कात या. दुसरी म्हणते, कायम घरूनच करा. पगार जवळपास सारखाच. कोथरूडला राहणारा माणूस वाटेतलं चांदणी चौक, मग भुमकर चौक इथलं ट्रॅफिक आठवतो आणि तिथेच निर्णय घेऊन टाकतो. थोडं थांबा.

घरून कामाच्या बाजूने सगळे स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांचा प्रयोग पुढे करतात. सीट्रिप या चिनी कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने घरून काम दिलं, काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. पण अटी कोणी वाचत नाही. निदान सहा महिने नोकरी झालेली हवी आणि घरी स्वतंत्र खोली हवी. कॉट बेसिसवर तिघांत राहणाऱ्याने हा आकडा स्वतःला लावू नये. शिवाय प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परतले; एकटेपणा नको झाला होता.

आपल्याकडचा पुरावा उलटा आहे. चेन्नईत डेटा एंट्रीच्या नव्या कामगारांना सोडत काढावी तसं घर किंवा ऑफिस वाटून दिलं. घरून करणाऱ्यांचं काम १८ टक्क्यांनी कमी भरलं. त्यातला बराचसा फरक पहिल्या दिवसापासूनचा. उरलेला पडला तो ऑफिसातले लवकर शिकले म्हणून.

या ‘शिकण्या’वरच माझं मत ठरलं आहे. एका अमेरिकी कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनियरांच्या अभ्यासात, टीम एकाच इमारतीत असली की नवख्यांच्या कोडवर सहकाऱ्यांचे जास्त शेरे येत, म्हणजे शिकायला मिळे. सीनियरांचा स्वतःचा कोड मात्र कमी व्हायचा (हे सीनियर मंडळी आनंदाने कबूल करतील). म्हणून पहिली-दुसरी नोकरी असेल तर हिंजवडी.

सात-आठ वर्षं झालेल्यांनाही मी तीन दिवसच सुचवेन, पण कारण वेगळं. त्याच चिनी कंपनीत १,६१२ जणांवर झालेल्या, २०२४ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात दोन दिवस घर, तीन दिवस ऑफिस असं ठेवलं. बढत्यांत फरक पडला नाही, राजीनामे मात्र एक तृतीयांशाने घटले, आणि लांबून येणाऱ्यांत ही घट विशेष होती. घरी आजारी माणूस किंवा लहान मूल असेल, तर अर्थात घरूनच. तिथे आकडे बघत बसू नका.

सही करण्याआधी एचआरला एवढं विचारा: माझी टीम त्याच तीन दिवशी येते का? नाहीतर दीड तास घालवून हिंजवडीला पोचाल आणि हेडफोन लावून बंगळुरूशी बोलत बसाल.