ट्रॅजेडी-कॉमेडीचा ऑनलाइन कोर्स केला, पाचात साडेतीन स्टार

आधीच सांगते, मी फिलॉसॉफीवाली नाही, हौशी नाटकांत कामं करते एवढंच. बारा रेकॉर्डेड लेक्चर्स आहेत, विषय काय तर ट्रॅजेडी आणि कॉमेडी या जगाकडे बघून विचार करायच्या दोन पद्धती आहेत. हे वाचूनच वाटलेलं की डोक्यावरून जाणार आणि पहिली दोन लेक्चर्स गेलीच. बोलणारे सर कागद बघून वाचतात असा मला दाट संशय आहे.

तिसऱ्यापासून मजा आली. आपल्याकडे शोकांतिका आणि सुखांतिका या शब्दांतच 'अंत' बसलाय, त्यामुळे शेवटी कोण मेलं आणि कोणाचं लग्न झालं यावरच आपण नाटकाची जात ठरवतो. ग्रीकांचं तसं नव्हतंच. एस्किलस या ग्रीक नाटककाराच्या इ.स.पू. ४५८ मधल्या ओरेस्टिया या नाटकत्रयीत आईला मारणाऱ्या मुलावर खटला चालतो, मतं समसमान पडतात, तो सुटतो, त्याच्या मागे लागलेल्या सूडाच्या देवतांनाही अथेन्समध्ये मानाची जागा मिळते, म्हणजे बऱ्यापैकी गोड शेवट, तरी ती ट्रॅजेडीच. मग ट्रॅजेडी म्हणजे काय, तर इथे सर हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाकडे जातात. सोफोक्लीसच्या नाटकातली अँटिगनी भावाला मूठमाती देणार म्हणते तेही बरोबर, ते करू न देणारा राजा क्रेऑन शहराचा कायदा म्हणतो त्यातही तथ्य, आणि दोघं आपापल्या बरोबरपणामुळेच गोत्यात येतात. व्हिलन शोधायची सवय असलेल्या माझ्यासारखीला हे पचायला दोनदा ऐकावं लागलं.

पण पैसे वसूल होतात ते सातव्या लेक्चरला. त्यात राजा इडिपसच्या ग्रीक ट्रॅजेडीतला एकच प्रवेश दोन नट आणि एक नटी दोनदा करून दाखवतात. कॉरिंथहून निरोप्या येतो, बक्षीस मिळेल या आशेने खुशीत, सांगतो की तुमचे वडील वारले, आता गादी तुमची. बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील असं भाकीत असल्यामुळे इडिपसला अजून आईची भीती आहे, तर हा भला माणूस ती घालवायला म्हणतो, अहो ते तुमचे खरे आईवडील नव्हतेच! झालं, चांगलं करायला गेला आणि सगळं उलटलं, ॲरिस्टॉटलने कलाटणीचं उदाहरण म्हणून हाच प्रसंग दिलाय. पहिल्यांदा सगळे जड आवाजात करतात आणि ते सपाट होतं. दुसऱ्यांदा निरोप्या चक्क विनोदी पात्रासारखा येतो, बडबड्या, स्वतःवर खूश, त्याला आपण ट्रॅजेडीत आहोत याचा पत्ताच नाही. मी आधी हसले आणि मग मागे गप्प उभ्या योकास्टाकडे, म्हणजे इडिपसची बायको जी खरं तर त्याची आईच आहे तिच्याकडे, लक्ष गेलं, तिला इडिपसच्या आधी सगळं कळलंय, बस्स, पोटात गोळा आला. मी स्वतः योकास्टा केलीय एकदा, तो अख्खा प्रवेश मुसमुसत. आमच्या दिग्दर्शकाला हे लेक्चर पाठवलंय, अजून ब्लू टिक पण नाही.

आता तक्रारी. बारापैकी कॉमेडीला फक्त तीन लेक्चर्स! ॲरिस्टॉटलने कॉमेडीवर लिहिलेला भाग हरवला असं सर स्वतःच सांगतात, ठीके, त्याचा हरवला, तुमचं काय? बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाचं मात्र छान समजावलंय, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागायला लागला की हसू येतं आणि हसायला क्षणभर तरी काळीज बधिर व्हावं लागतं. पण ॲरिस्टोफेनीस, ग्रीकांचा कॉमेडीवाला नाटककार, एका वाक्यात उरकलाय. त्याने इ.स.पू. ४२३ मध्ये सॉक्रेटिसला टोपलीत लटकवून स्टेजवर आणलं, पुढे ३९९ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा, प्लेटोच्या लिखाणात तरी, सॉक्रेटिस त्या नाटकाचीच आठवण काढून म्हणतो की माझ्याबद्दलचे गैरसमज जुने आहेत. थट्टा कुठवर जाऊ शकते याचं याहून मोठं उदाहरण कुठलं, यावर एक अख्खं लेक्चर हवं होतं राव.

सबटायटल्स ऑटोमॅटिक आहेत आणि भयाण आहेत. 'हमार्शिया', म्हणजे नेम चुकणे, नायकाच्या हातून होणारी ती घोडचूक, हा शब्द येईल तिथे 'हमारा एशिया' उमटतं. गंभीर चर्चा चाललीय, खाली हमारा एशिया, मी एकटीच खिदळतेय.

शेवटचं लेक्चर छोटं आहे पण सोडू नका. प्लेटोच्या सिंपोझियम या संवादात पहाटेपर्यंत सॉक्रेटिस दोन नाटककारांना पटवत असतो की ट्रॅजेडी आणि कॉमेडी दोन्ही एकाच माणसाला लिहिता यायला हव्यात, आणि ऐकता ऐकता आधी कॉमेडीवाला झोपतो मग ट्रॅजेडीवाला. युक्तिवाद काय होता ते कळतच नाही कारण ज्याने ही गोष्ट पुढे सांगितली तोही पेंगत होता. आमच्या सरांनी इथे पहिल्यांदा कागद खाली ठेवला आणि हसले.

नाटकवाल्यांनी घ्या, सातवं आधी बघा. फक्त फिलॉसॉफीसाठी घेणार असाल तर पहिल्या दोन लेक्चर्सना स्पीड दीडपट ठेवा.